२४ मीटर स्ट्रोकच्या गॅन्ट्रीवर सर्व्हो केबल: नेमकी कोणती घ्यावी?

भोसरीचा_फिटर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्लेट ड्रिलिंग-मिलिंगची गॅन्ट्री (बेडवर सरकणाऱ्या कमानीची) मशीन आहे. एक्स अक्षाचा स्ट्रोक (एकूण प्रवास) २४ मीटर, वेग ४० मीटर प्रति मिनिट, दिवसाला साधारण १५० फेऱ्या (जाऊन-येऊन एक). केबल वाहून नेणारी चेन प्लास्टिकची, चॅनेलमध्ये घसरत चालणारी, बेंड रेडियस २०० मिमी, लांबी १३.५ मीटर, फिक्स टोक बेडच्या मधोमध. पॅनल मात्र बेडच्या एका टोकाला आहे. चेनमधून जाणारा माल असा: एक्सच्या दोन मोटरी (४ कोर ६ स्क्वेअर, म्हणजे ६ चौरस मिमीच्या चार वायर), वाय आणि झेड (४ कोर २.५ स्क्वेअर, झेडला ब्रेक), स्पिंडल (४ कोर १६ स्क्वेअर), सगळ्यांच्या एन्कोडरच्या (मोटरची स्थिती कळवणाऱ्या सेन्सरच्या) केबल, एक कूलंट होज, एक एअर लाइन.

१४ महिन्यांत झेड आणि एका एक्सवर एन्कोडर अलार्म सुरू झाले. चेन उघडली तर पॉवर केबल सापासारख्या वळलेल्या. केबलवर ‘हायली फ्लेक्सिबल’ छापलेले आहे, वरचे आवरण पीव्हीसी. आता पूर्ण सेट बदलायचा आहे. एक सप्लायर म्हणतो १ कोटी फेऱ्यांची केबल घ्या, दुसरा म्हणतो ५० लाखांची पुरते. कोणाचे ऐकू?

चेनपिच

दोघांचेही नको, कारण दोघेही चुकीचा आकडा विकत आहेत. तुमच्याच आकड्यांनी हिशोब करा: रोज १५० फेऱ्या, महिन्याला २५ दिवस, १४ महिने. झाल्या ५२ हजार ५००. ५० लाख गाठायला शंभराहून जास्त वर्षे लागतील. म्हणजे तुमच्या केबल वाकून वाकून मेलेल्या नाहीत, त्या ओढल्या गेल्यामुळे आणि पिळल्यामुळे मेल्या आहेत.

लहान स्ट्रोकच्या पिक-अँड-प्लेस मशीनवर फेऱ्यांचा आकडा पाहायचा. लांब स्ट्रोकवर कॅटलॉगमधला दुसरा रकाना पाहायचा: ‘घसरत्या चेनमध्ये कमाल प्रवास किती मीटर’. चांगल्या कॅटलॉगमध्ये अधांतरी चेन (वरचा पदर हवेत) आणि घसरती चेन (वरचा पदर खाली टेकलेला) यांचे आकडे वेगळे दिलेले असतात. ज्या केबलच्या पानावर हा रकानाच नाही, ती लांब स्ट्रोकसाठी बनलेली नाही असे समजा, मग तिच्यावर कितीही कोटी छापलेले असोत.

आणि ‘हायली फ्लेक्सिबल’ या शब्दाला चेनमध्ये काडीची किंमत नाही. त्याचा अर्थ पॅनलमध्ये वळवायला सोपी, इतकाच. सतत वाकण्यासाठी बनलेली केबल वेगळी.

ताम्रतंतू

चेनपिच यांच्याशी सहमत. ती वेगळी म्हणजे काय, ते आतून सांगतो, म्हणजे सप्लायरच्या टेबलावर ब्लेड काढून तपासता येईल.

१६ मिमी जाडीची केबल २०० मिमी रेडियसवर वाकली की तिची बाहेरची बाजू ८ भागिले २००, म्हणजे ४ टक्के ताणली जाते आणि आतली बाजू तेवढीच दाबली जाते. तांबे ४ टक्के ताण पुन्हा पुन्हा सोसत नाही. मग केबल जगते कशी? आतले कोर कमी लांबीत पीळ घेतलेले असतात. त्यामुळे वळणाच्या लांबीत प्रत्येक कोर एकदा बाहेरच्या बाजूला आणि एकदा आतल्या बाजूला येतो, ताण आणि दाब एकमेकांना खातात, कोर आतल्या आत किंचित सरकतो. सरकला तरच हे जमते. तो सरकणे थांबले की तांब्यावर थेट ओढ येते.

आता तारेकडे पाहा. आयएस ८१३० किंवा आयईसी ६०२२८ या कंडक्टरच्या मानकांमध्ये २.५ स्क्वेअरच्या क्लास ५ कंडक्टरमधली एक तार जास्तीत जास्त ०.२६ मिमी, क्लास ६ मध्ये ०.१६ मिमी. तार बारीक असली की तिचा स्वतःचा वाकण्याचा ताण नगण्य होतो. म्हणून चेनसाठी क्लास ६ मागायचे. पण नुसता क्लास ६ पाहून भुलू नका. बारीक तार घालून पीळ चुकीचा दिलेल्या केबल बाजारात भरपूर आहेत, आणि त्याही सापासारख्याच होतात.

नमुना ३०० मिमी कापून घ्या आणि हे पाहा.

वरचे आवरण सोलल्यावर ब्रेडिंग (विणलेल्या तारांची जाळी, म्हणजे शिल्ड) घट्ट बसलेले हवे. बोटाने मागे-पुढे सरकत असेल तर नापास. ब्रेडिंगऐवजी नुसती अॅल्युमिनियम फॉइल आणि ड्रेन वायर असेल तर चेनसाठी विषयच संपला, फॉइल काही महिन्यांत तडकते.

ब्रेडिंगखाली आतले आवरण हवे, आणि ते कोरांच्या मधल्या खाचांत दाबून भरलेले हवे. ते काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला कोरांचे ठसे उमटलेले दिसले पाहिजेत. खाचांत सुतळी, कागद किंवा कापसाचे पीळ दिसले तर केबल स्वस्तातली. हे भरण चेनमध्ये दबते, कोरांना जागा मिळते, आणि मग कोर पीळ सोडून बाहेर फुगतो. तुमच्या सापाचे मूळ तिथे आहे.

शेवटी एक कोर सोला. इन्सुलेशन तांब्याला चिकटून तारा उपटल्या जात असतील तर ते कोर सरकणार नाहीत.

भोसरीचा_फिटर

जुन्या केबलचा तुकडा आत्ताच कापला. खाचांत पांढरी सुतळी निघाली.

ताम्रतंतू

मग निदान झाले.

अर्थिंग_ताई

फिटरदादा, केबलच्या आधी चेनचा प्रश्न सोडवा, तो कोणी विचारलाच नाही. तुमची स्पिंडल केबल शिल्डसकट ४ कोर १६ स्क्वेअर आहे. बाहेरचा व्यास २६ मिमी धरला आणि केबलला १० पट रेडियस लागत असेल, तर २६० मिमी हवेत. तुमची चेन २०० ची. ही केबल पहिल्या दिवसापासून तिच्या मर्यादेबाहेर वाकत आहे. चेनचा रेडियस नेहमी सर्वांत जाड केबल ठरवते, सर्वांत महाग केबल नाही.

मार्ग तीन. पहिला, ७.५ पट रेडियस चालणारी केबल घेणे: १९५ मिमी, म्हणजे काठावर पास. दुसरा, २५० किंवा ३०० ची चेन घालणे. त्यासाठी चॅनेलची उंची पुरते का ते आधी मोजा. तिसरा, स्पिंडलसाठी चार सुट्या सिंगल कोर शिल्डेड केबल टाकणे. मला तिसरा आवडतो: प्रत्येक केबल बारीक, रेडियसचा प्रश्न मिटतो, आणि एक गेली तर एकच बदलायची. फक्त तिन्ही फेज आणि अर्थ शेजारी-शेजारी ठेवायचे, आणि प्रत्येकीचे शिल्ड दोन्ही टोकांना क्लॅम्प करायचे.

आवरणाबद्दल. तुमच्याकडे पाण्यात मिसळणारे कूलंट आहे, तेव्हा पीव्हीसी नको. तेल आणि कूलंट पीव्हीसीतला मऊपणा शोषून काढतात आणि आवरण काठीसारखे कडक होते. पीयू (पॉलियुरेथेन) घ्या, पण पॉलिइथर प्रकारचे. पॉलिएस्टर पीयू दमट हवेत आणि पाण्यात हळूहळू तुटत जाते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात हा फरक कागदावरचा राहत नाही. डेटाशीटवर ‘हायड्रोलिसिसरोधक’ असे लिहिलेले असेल तर ते पॉलिइथर.

एकाच खणात पीयू आणि पीव्हीसी शेजारी ठेवू नका, एकमेकांना चिकटतात. आणि उंदरांना पीव्हीसी-पीयू असा भेद कळत नाही. चॅनेलची दोन्ही टोके जाळीने बंद करा.

ओव्हरट्रॅव्हल

एवढ्या केबल बदलण्यापेक्षा ड्राइव्हच (मोटर चालवणारे कंट्रोलर) गॅन्ट्रीवर चढवा ना! चेनमधून फक्त मुख्य सप्लाय, २४ व्होल्ट, सेफ्टीच्या वायर आणि एक इथरनेट जाईल. मोटर केबल ५-६ मीटरच्या होतील. इथरकॅटला (ड्राइव्ह जोडणारे इथरनेट नेटवर्क) दोन नोडमध्ये १०० मीटर चालतात. नव्या लांब मशीनवर मी हाच पर्याय देतो.

चेनपिच

नवीन मशीनवर हो. चालू मशीनवर नाही. गॅन्ट्रीवर पॅनल म्हणजे वजन, कूलंटची वाफ, कंपन, आणि पॅनलचा एसी. मिलिंगच्या कंपनात टर्मिनल ढिले होतात ते वेगळेच. शिवाय चेनमधून जाणारी इथरनेट केबल बारीक तारांची असल्याने १०० मीटर पूर्ण मिळत नाहीत, त्या केबलचे डेटाशीट पाहावे लागते. तुमच्या २४ मीटरला प्रश्न येणार नाही हे मान्य. पण धागाकर्त्याला केबलचा सेट बदलायचा आहे, मशीन नाही.

एक मधला मार्ग मात्र आहे आणि तो फुकटात पडतो: पॅनल बेडच्या टोकावरून मध्यावर आणा. आत्ता पॅनलपासून चेनच्या फिक्स टोकापर्यंत साधारण १४ मीटर, चेनमध्ये १३.५, पुढे मोटरपर्यंत ६-७. म्हणजे ३५ मीटर. पॅनल मध्याजवळ आला तर १४ चे २ होतील आणि एकूण २१-२२ मीटर.

ओव्हरट्रॅव्हल

पॅनल हलवणे फुकटात? मुख्य केबल, फाउंडेशन, ट्रे, दोन दिवस मशीन बंद. ‘फुकट’ जरा मागे घ्या, साहेब.

चेनपिच

घेतो मागे. पण ३५ मीटरचा त्रास पुढे कोणीतरी मोजून दाखवेलच.

निळी_वायर

दाखवतो. क्लास ५ किंवा ६ च्या साध्या तांब्याचे २० अंशांना कमाल रेझिस्टन्स, किलोमीटरला: ०.५ स्क्वेअर ३९ ओहम, १.५ स्क्वेअर १३.३, २.५ स्क्वेअर ७.९८, ६ स्क्वेअर ३.३०. यावरून सगळे निघते.

मोटरच्या पॉवरला अडचण नाही. २.५ स्क्वेअर, ३५ मीटर म्हणजे फेजला ०.२८ ओहम. १५ अँपिअरला ४ व्होल्टच्या आसपास. ४१५ वर हे कोणी विचारत नाही.

खरी गोची ब्रेकची. झेडचा ब्रेक २४ व्होल्ट, १ अँपिअर घेतो असे धरा. जाण्या-येण्याची लांबी ७० मीटर. ब्रेकच्या वायर पॉवर केबलमधल्या १.५ स्क्वेअरच्या जोडीतून गेल्या तर ०.९३ व्होल्ट पडतात, ब्रेकला २३ मिळतात, ठीक. पण कोणी पैसे वाचवायला ०.५ स्क्वेअरमधून ब्रेक नेला असेल तर २.७३ व्होल्ट पडतात आणि ब्रेकला २१.२७ उरतात. ब्रेकची सोय बहुधा १० टक्के कमी-जास्त, म्हणजे २१.६ पर्यंत. मग ब्रेक अर्धवट सुटतो, घासत राहतो, तापतो, आणि लोक मोटर ओव्हरलोडचा अलार्म बघून मोटर बदलतात. पॉवर सप्लायच २३.५ वर सेट असेल तर आणखी वाईट.

एन्कोडरचे त्याहून नाजूक. ५ व्होल्टचा एन्कोडर, २०० मिलिअँपिअर, ०.५ स्क्वेअरची एकेक वायर: ०.५५ व्होल्ट पडतात, एन्कोडरला ४.४५ मिळतात. ५ टक्क्यांची मर्यादा ४.७५ ची. दोन-दोन वायर समांतर जोडल्या तरी ४.७३. सेन्स लाइन (एन्कोडरला पोचलेले व्होल्टेज ड्राइव्हला कळवणाऱ्या वायर) असलेला ड्राइव्ह असेल तर तो स्वतः व्होल्टेज वाढवून देतो. पण त्या सेन्सच्या वायर एन्कोडरच्या टोकालाच जोडलेल्या हव्यात. पॅनलमध्येच लूप मारलेल्या असतील तर त्या असून नसल्यासारख्या. पुढे कधी मोटरी बदलल्या तर रुंद व्होल्टेजचा एन्कोडर घ्या: हायपरफेस प्रकाराला ७ ते १२ व्होल्ट चालतात, एनडॅट २.२ प्रकाराला ३.६ ते १४. मग ही चिंताच राहत नाही.

२१ मीटरवर हेच आकडे पाहा. ब्रेक ०.५ स्क्वेअरमधूनही २२.४ वर बसतो, एन्कोडरला दुहेरी वायरने ४.८४ मिळतात. चेनपिच पॅनल हलवा म्हणतात ते यासाठी.

धागा_वाचक

केबल लांब असली की मोटर जळते असे ऐकले आहे. ते खरे का?

निळी_वायर

अर्धे खरे. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हची डीसी बस (आतले डीसी व्होल्टेज) ५८७ च्या आसपास. आयजीबीटी (ड्राइव्हमधला स्विच) ०.१ मायक्रोसेकंदात चालू होतो. केबलमध्ये लाट मायक्रोसेकंदाला १५० ते २०० मीटर पळते. तेव्हा ७.५ ते १० मीटरच्या पुढे मोटरच्या टर्मिनलवर लाट परतून जवळपास दुप्पट होते, म्हणजे ११७० व्होल्टचे टोक. म्हणजे २१ मीटर काय आणि ३५ काय, मोटरला दोन्ही सारखेच. ड्राइव्हच्या जोडीने येणाऱ्या सर्व्हो मोटरी हे धरूनच बनवतात. जुन्या साध्या इंडक्शन मोटरला मात्र त्रास होतो.

लांबीचा दुसरा परिणाम ड्राइव्हवर. केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटर. प्रत्येक स्विचिंगला ती चार्ज करावी लागते. पीव्हीसी इन्सुलेशनचा परावैद्युतांक ४ ते ५, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनचा २.३ च्या आसपास. कपॅसिटन्स त्याच प्रमाणात. लहान ड्राइव्हवर लांब पीव्हीसी केबल लावली तर मोटर उभी असतानाही ओव्हरकरंट येतो, आणि लोक ड्राइव्ह रिपेअरला पाठवतात. म्हणून कोरचे इन्सुलेशन पीव्हीसी नको. ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये शिल्डेड केबलची कमाल लांबी दिलेली असते, ती आधी पाहा. शिल्डेड आणि अनशिल्डेडचे आकडे वेगळे असतात, घाईत चुकीचा वाचला जातो.

ओव्हरट्रॅव्हल

मग पॉवर आणि एन्कोडर एकाच केबलमधून नेणारी सिंगल केबल का नको? हायपरफेस डीएसएलला १०० मीटर चालतात. चेनमध्ये निम्मी जागा.

ताम्रतंतू

१०० मीटर चालतात हे बरोबर. पण त्यासाठी ड्राइव्ह आणि मोटर दोन्ही डीएसएलचे लागतात, इथे ते नाहीत. आणि लांब चेनमध्ये माझी पसंती वेगळ्या केबलना. एन्कोडर केबल तुटली तर ८ मिमीची बारीक केबल ओढायची, की २.५ स्क्वेअरची पूर्ण पॉवर केबल? रोबोवर किंवा लहान मशीनवर सिंगल केबल उत्तम. २४ मीटरवर नाही.

ओव्हरट्रॅव्हल

असहमत, पण ठीक.

अर्थिंग_ताई

आता टाकण्याबद्दल लिहिते, कारण उत्तम केबल चुकीच्या पद्धतीने टाकली तर तीही १४ महिन्यांतच जाते.

ड्रमवरून केबल काढताना ड्रम फिरला पाहिजे. ड्रम आडवा ठेवून वरून वेटोळी उचलली की प्रत्येक वेटोळ्याला एक पूर्ण पीळ बसतो, आणि तो पीळ चेनमध्ये शिरून साप होतो. ड्रम स्टँडवर, केबल स्पर्शरेषेत ओढायची. रिंगमध्ये आलेली केबल जमिनीवर लोळवत उलगडा. मग पूर्ण लांबी जमिनीवर सरळ पसरून, किंवा जागा असेल तर लटकवून, किमान २४ तास सोडा. वरची छपाई सरळ रेषेत दिसते म्हणून पीळ नाही असे समजू नका. बनवतानाच छपाई केबलभोवती फिरत जाते. छपाई जुळवायला केबल पिळली की तुम्हीच पीळ घातलात.

चेनमध्ये प्रत्येक केबलला स्वतःचा खण. खणात केबलभोवती तिच्या व्यासाच्या १० टक्के मोकळीक, होजला २० टक्के. उभे सेपरेटर घाला, नाहीतर बारीक केबल जाड केबलच्या खाली शिरते आणि वळणावर चिरडली जाते. एका मजल्यात दोन केबल एकमेकींवर चढू शकतील इतकी उंची ठेवू नका. जाड, जड केबल दोन्ही बाहेरच्या कडांना, हलक्या मधे. वजन दोन्ही बाजूंना सारखे नसेल तर लांब चेन चॅनेलमध्ये एका अंगाने घासते. पॉवर आणि एन्कोडर शेजारी नको, मधे एअर लाइन घाला.

आणि चेनच्या आत झिप टाय? एकही नाही. इलेक्ट्रिशियनला केबल बांधून ठेवायची इतकी सवय असते की हे तीनदा सांगावे लागते. बांधलेल्या दोन केबल वळणावर वेगवेगळ्या रेडियसवर असतात, एकीला ओढ बसतेच.

क्लॅम्प दोन्ही टोकांना, रुंद पॅडचे, आवरणावर. वाकण्याची जागा संपते तिथून केबलच्या व्यासाच्या १० ते ३० पट अंतरावर. १६ मिमीच्या केबलला १६० ते ४८० मिमी. ग्लँड (पॅनलच्या भोकात केबल धरणारा नट) म्हणजे क्लॅम्प नव्हे. घसरत्या चेनमध्ये होज फक्त हलत्या टोकाला क्लॅम्प करा, दाबाने होजची लांबी बदलते.

लांबी नेमकी कशी कळते: गॅन्ट्री दोन्ही टोकांना नेऊन चेनच्या वळणात डोकवा. केबल आतल्या भिंतीला टेकली तर आखूड, बाहेरच्या भिंतीला टेकली तर लांब. मधे तरंगत असली की बरोबर. आठवडाभर मशीन चालवून पुन्हा पाहा, केबल थोडी बसते, तेव्हा क्लॅम्प सोडून परत लावावा लागतो. हे दुसरे पाहणे कोणी करत नाही.

चेनपिच

ताईंच्या पोस्टवर एक भर. २४ मीटरमध्ये अर्ध्या प्रवासात चेनचा वरचा पदर खालच्या पदरावर घसरतो, पण फिक्स टोकाच्या पलीकडच्या अर्ध्यात खाली पदरच नसतो, तिथे चॅनेलमध्ये ग्लाइड पट्टी लागते. पट्टीची उंची खालच्या पदराशी जुळली नाही तर मध्यावर चेन प्रत्येक फेरीला पायरी चढते-उतरते. त्या धक्क्याने आतल्या केबल थोड्या-थोड्या सरकत जातात आणि एका टोकाला गोळा होतात. मध्यावर ‘खट’ असा आवाज येत असेल तर नवीन केबल टाकण्याआधी पट्टी ठीक करा. चॅनेलमधले चिप आणि कीस झाडून काढणे हे मेंटेनन्सच्या शीटवर यायला हवे, गरम चिप पडत असतील तर बंद झाकणाची चेन.

भोसरीचा_फिटर

खट आवाज येतो! मी ते गॅन्ट्रीच्या रॅकचे समजत होतो.

एक शंका. नवीन माल यायला सहा आठवडे आहेत. तोपर्यंत झेडचा अलार्म कुठून येतो ते शोधता येईल का? मल्टिमीटरने सगळ्या वायर बरोबर दाखवतात.

निळी_वायर

दाखवणारच. समजा १० मिमीच्या लांबीत अर्ध्या तारा तुटल्या, तर तेवढ्या तुकड्याचा रेझिस्टन्स दुप्पट होईल, म्हणजे मिलिओहमचाही अंश. ३५ मीटरच्या एकूण आकड्यात तो हरवतो. उभ्या मशीनवर सगळे तुटके टोक एकमेकांना टेकलेलेच असते. मोजायचे तर हलवत मोजायचे.

अलार्म नेहमी साधारण एकाच एक्स स्थानावर येतो का ते लिहून ठेवा. येत असेल तर दोष चेनच्या त्या क्षणीच्या वळणात आहे, आणि जागा गणिताने निघते. फिक्स टोकापासून वळणापर्यंतची लांबी = (चेनची लांबी − π × रेडियस + गॅन्ट्रीचे मध्यापासूनचे अंतर) ÷ २. खालचा पदर फिक्स टोकातून ज्या दिशेला जातो ती दिशा अधिक, उलटी उणे.

तुमची चेन १३.५ मीटर, रेडियस ०.२, म्हणजे π × रेडियस ०.६३. अलार्म +५ मीटरवर येत असेल तर (१३.५ − ०.६३ + ५) ÷ २ = ८.९४. फिक्स टोकापासून ८.९४ ते ९.५७ मीटरमध्ये तुटके आहे. तेवढेच झाकण उघडा आणि हाताने केबल दाबत जा, तुटक्या जागी मऊ लागते किंवा गाठ लागते.

अलार्म कुठेही, कसाही येत असेल तर चेन सोडा आणि एम२३ (धातूचा गोल) कनेक्टर उघडा. पिन मागे गेलेली, शिल्ड शेपटीसारखे पिळून एका पिनवर लावलेले, किंवा आत कूलंट, यातले एक निघेल. शिल्ड ३६० अंशांनी कनेक्टरच्या शेलला बसलेले हवे.

पॉवर केबल मेगर करायची (इन्सुलेशन तपासायचे) तर दोन्ही टोके सोडवून, ५०० व्होल्टवर, फेज-अर्थ आणि फेज-शिल्ड. तुटक्या ब्रेडिंगच्या तारा इन्सुलेशनमध्ये घुसतात, फेज-शिल्डला तेच सापडते. एन्कोडर केबलला मेगर लावू नका. ड्राइव्ह जोडलेला असताना तर कशालाच नाही.

धागा_वाचक

चेनमध्ये एक जादा एन्कोडर केबल टाकून ठेवली तर? गेली की लगेच बदलता येईल.

ताम्रतंतू

तीही रोज तेवढीच वाकते, तेवढीच म्हातारी होते. दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेला तयार सेट स्टोअरमध्ये ठेवा, मोठ्या वेटोळ्यात, भिंतीवर. त्यापेक्षा कामाची युक्ती: चेनच्या फिक्स टोकाशी एक जंक्शन पॅनल करून तिथे धातूचे बल्कहेड (पॅनलच्या भिंतीत बसणारे) कनेक्टर लावा. पॅनलपासून तिथपर्यंत साधी शिल्डेड केबल कायमची बसलेली, तिथून पुढे चेनची महाग केबल. बदलायची वेळ आली की ३५ ऐवजी २१ मीटर बदलायचे.

चेनपिच

पॉवरला चालेल. एन्कोडरला मी मधे जोड घालणार नाही. ५ व्होल्टच्या सिग्नलला प्रत्येक कनेक्टर म्हणजे एक नवा अलार्म. यावर आपले पूर्वीही जमले नव्हते.

ताम्रतंतू

आताही जमणार नाही. शिल्ड शेलमधून शेलमध्ये अखंड गेले तर त्रास होत नाही.

भोसरीचा_फिटर

अलार्म −३.२ ते −३.६ मध्ये येतो, पाच दिवस लिहिले. हिशोबाने फिक्स टोकापासून ४.६३ ते ५.४७ मीटर. उद्या तिथले झाकण उघडतो.

ऑर्डरचा मसुदा असा: एक्सला ४ कोर ६ स्क्वेअर, वायला आणि झेडला ४ कोर २.५ स्क्वेअर, तिन्हींना १.५ स्क्वेअरची ब्रेक जोडी, क्लास ६, कोरला पॉलिप्रॉपिलीन, दाबून भरलेले आतले आवरण, टिन केलेले तांब्याचे ब्रेडिंग, वर पॉलिइथर पीयू, पॉवर केशरी आणि एन्कोडर हिरवी. स्पिंडलला सुटे १६ स्क्वेअर चार, शिल्डेड. सप्लायरकडून लेखी मागणार: घसरती चेन, २४ मीटर, रेडियस २००, ४० मीटर प्रति मिनिट. पॅनल हलवणे साहेबांनी नाकारले.

निळी_वायर

मसुद्यात त्वरणाचा आकडा राहिला, तो घाला, वॉरंटीच्या वेळी आधी तोच विचारतात. आणि पॅनल हलत नाही म्हणजे लांबी ३५ च राहिली. झेडच्या एन्कोडरला सेन्स लाइन आहे का ते केबलची ऑर्डर देण्याआधी ड्राइव्हच्या पिन-आउटमध्ये पाहा. नसेल तर एन्कोडर केबलमध्ये सप्लायच्या वायर १ स्क्वेअरच्या मागवाव्या लागतील. त्याही दुहेरी.

भोसरीचा_फिटर

पाहिले. सेन्स आहे, पण कनेक्टरमध्ये त्या दोन पिन रिकाम्या सोडल्या होत्या.

निळी_वायर

झाकण उद्या उघडा. त्या पिन आजच जोडा.